लाल रंगाचा धडा

हजिऱ्याला, बंद गिरणीच्या मागच्या लाइनीत
आमची अंगणवाडी. एक खोली, एक खिडकी,
खिडकीखाली भिंतीत एक खळगा,
जमिनीपासून दोन विती वर.
आधी वाटलं, उंदीर.
मग वाटलं, ओल.
मग मोजून पाहिलं:
बिट्टो मांडी घालून बसली
की तिचं तोंड येतं बरोबर तिथे.

हजेरीच्या वहीत मी लिहीत होते:
बिट्टो. हजर. गाण्यात लक्ष नाही.
हजर. पेंगते.
हजर. पेंगते.
तीन आठवडे मी रक्त आटलेल्या मुलीला
आळशी लिहीत होते,
सुवाच्य अक्षरात.

रामरती सिस्टर मंगळवारी येते
आरोग्य केंद्राची निळी पेटी घेऊन.
तिची वही वेगळी, माझी वेगळी.
तिच्यात वजनं, माझ्यात गाणी.
चार वर्षं एकाच टेबलावर
शेजारी शेजारी ठेवत आलो आम्ही त्या,
मिटलेल्या.
त्या दिवशी मी तिला खळगा दाखवला.
ती वाकली, आत बोट फिरवलं,
बोटाचा चुना पदराला पुसत म्हणाली,
तुझी वही दे बघू.

माझ्याकडे ज्या महिन्यात 'पेंगते' सुरू झालं
त्याच महिन्यात तिच्याकडे
वजनाची रेघ खाली वळली होती.
तिनं बिट्टोची पापणी अंगठ्यानं ओढली:
आत पांढुरकं,
धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं.

माझ्या वेळी आईला भाजकी माती खावीशी वाटे.
मामी दाल बाजारातून आणायची, पदराआड,
केवढ्या कौतुकानं!
पोटुशीनं खाल्ली की डोहाळे.
साडेतीन वर्षांच्या पोरीनं खाल्ली
की पाठीत धपाटा.
रक्ताला कुठला कळतोय हा फरक.

पुढच्या आठवड्यात लाल रंग होता शिकवायला.
सरकारी तक्त्यावर टोमॅटो, मिरची, पोस्टाची पेटी.
आमच्या पोरांनी पोस्टाची पेटी पाहिलेली नाही.
सिस्टर म्हणाली, गुंडाळ तो तक्ता.
जोड्या लाव.
एकमेकांच्या डोळ्यांत शोधू देत लाल.
आणि हात धुऊन, हं.

अठरा पोरं समोरासमोर, नाकाला नाक,
पापण्या खाली, जिभा उगाचच बाहेर,
हसून हसून लोळतायत चटईवर.
मधूनच कोणी ओरडायचं:
दीदी, जाके में लाल नइयाँ!
सिस्टरचं पेन तिकडे वळायचं.
पाच नावं झाली.
सुईनं तपासल्यावर चार खरी निघाली.
पाचव्याला नुसतं रडू येत होतं.

मग ते गोड काळं औषध, जंताची गोळी,
गूळ-चणे, आणि चपला.
चपलांसाठी दुकानदार घनश्यामदासकडे
तीन खेपा माराव्या लागल्या.
बिट्टोच्या आईनं आमचं सगळं ऐकलं
पापड लाटता लाटता, लाटणं न थांबवता.
पटलं की नाही, कळलं नाही.
पण दुसऱ्या दिवशी पोरीच्या पायांत चपला होत्या,
उलट्या घातलेल्या.

सुपरवायझर बाई आल्या, म्हणाल्या,
हा खळगा बुजवून घ्या, वाईट दिसतो.
मी हो म्हणाले. अजून बुजवलेला नाही.
येता-जाता हात लावून बघते,
खोल तर होत नाहीये ना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात
बिट्टो पहिल्यांदा कडकडून भांडली,
एका लाकडी घोड्यावरून.
मी लिहिलं: हजर. भांडली.
आणि खाली दोन रेघा ओढल्या.
मग ती माझ्या मांडीवर चढली,
चिकट बोटांनी माझी पापणी ओढली,
बराच वेळ बघत बसली, वैद्यासारखी.
आणि सिस्टरला हाक मारली.

सिस्टरनं वहीचं पान उलटलं.
शून्य ते सहा. गरोदर. स्तनदा.
माझ्यासाठी रकाना नव्हता.
तिनं समासात लिहिलं माझं नाव, पेन्सिलीनं,
आणि विचारलं, सकाळी काय खाऊन निघतेस?
चहा, म्हटलं.
चहा काय खातात का, म्हणाली बिट्टो.